चिऱ्याच्या भिंतीपलीकडचं इंटरनेट

धाकट्या बहिणीने, समीक्षाने, नोकरीची मुलाखत विहिरीच्या कठड्यावर बसून द्यायची नाही, घरात खुर्चीवर बसून द्यायची, एवढंच अमरदीपने ठरवलं. पुढचं सगळं त्यातून घडलं.

अमरदीप जर्मनीत शिकून मिरजोळ्याला परतला होता, तो गाव बदलायला. (गावाने तशी विनंती केलेली नव्हती.) घरात इंटरनेट होतं, पण पुढच्या खोलीपुरतं, आणि तिथे दिवसभर खाणीच्या ट्रकांचा खडखडाट. मागची खोली शांत, पण मध्ये हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. त्यामुळे काही महत्त्वाचं असलं की समीक्षा मोबाइल घेऊन विहीर गाठायची. तिथे रेंज यायची.

"इंटरनेट हा प्रत्येक खोलीचा हक्क आहे!" असं जाहीर करून त्याने सिग्नल पुढे ढकलणारी एक पांढरी डबी आणली, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि आईला बजावलं, "ही बंद करायची नाही. फळीवरून खाली उतरवायची नाही."

"कशाला उतरवू? मला काय तिची पूजा करायचीय?" सावित्रीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मागच्या खोलीत चित्र आरशासारखं स्वच्छ. समीक्षा निर्धास्त झाली.

सकाळी मुलाखत. पुण्याच्या प्रयोगशाळेत जागा एकच, आणि समीक्षाने तिच्यासाठी वर्षभर वाट पाहिलेली. ती इस्त्रीचा कुर्ता घालून बसली, पडद्यावर तीन परीक्षक उमटले, पहिला प्रश्न अर्धा आला आणि तिघंही तोंड उघडं ठेवून गोठले.

"दादा!"

अमरदीप पुढच्या खोलीत धावला. मुख्य यंत्र बंद करून चालू केलं. (त्यामुळे पुढच्या खोलीत होतं तेही गेलं.) वडिलांचा टीव्ही बंद केला.

"अरे, बातम्या चालल्यात!" हरिश्चंद्र ओरडले.

"बाबा, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"मग माझा टीव्ही काय वाकडं करतोय तिचं?"

"दादा, ते जातील रे!" आतून समीक्षाचा रडवेला आवाज.

घामाघूम अमरदीप स्वयंपाकघरात शिरला. फळीवर डबी नव्हती. घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं होतं.

"आई, डबी कुठाय?"

"फळीवरच हाय की."

"दिसत नाही!"

"थंडीत पीठ फुगत नाय बाबा. ती मेली कायम गरम. म्हणून रात्री टोपात ठेवली, वर आंबोळ्यांच्या पिठाचं पातेलं. बंद नाय केली, खाली नाय उतरवली. तू सांगितलंस तस्संच!"

अमरदीपने घोंगडी ओढली. खाली ॲल्युमिनियमचा टोप, वर स्टीलचं पातेलं. मध्ये बिचारी डबी. सिग्नलला तुरुंगात टाकायचं तर याहून पक्की कोठडी जर्मनीतही मिळाली नसती. त्याने पातेलं हिसकावलं आणि टम्म फुगलेलं पीठ त्याच्या कोपरापर्यंत आलं.

"समीक्षा! आला का गं सिग्नल?"

तो मागच्या खोलीत धावला. खुर्ची रिकामी. खिडकीतून दिसलं: समीक्षा विहिरीच्या कठड्यावर, मोबाइल उंच धरून हसत बोलतेय.

"त्यांनी विचारलं, कामात अडचण आली तर काय कराल," तिने परतल्यावर सांगितलं. "म्हटलं, बघताय ना!"

नोकरी मिळाली. पेढ्यांसोबत आंबोळ्याही वाटल्या.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गंगुबाई दारात. "अमरदीपा, तुझी ती डबी आमच्याकडेपण बसवून दे रे. सगळी वाडी मागतेय."

अमरदीपला वाटलं, अखेर गाव जागं झालं! "नक्की, काकी! इंटरनेट कधी घेतलंत?"

"त्याची गरज पडते काय?" गंगुबाई काळजीत पडल्या. "सावित्रीचं पीठ तर नुसत्या डबीवर फुगलं म्हणे!"