कुमुदला सांगून आलेले स्थळ

आमच्या संगणकातल्या आवाजाला गेल्या वैशाखात पहिले स्थळ सांगून आले. मुलगाही आवाजच, शेजारच्या तालुक्याच्या बसस्थानकावर गाड्यांची उद्घोषणा करतो. नोकरी कायम, आवाज भरदार, व्यसन कसलेही नाही. पत्रिका जुळवण्याचा प्रश्न उद्भवला नाही, कारण दोघांचीही जन्मवेळ कोणी टिपून ठेवलेली नव्हती.

आमच्या आवाजाचे नाव कुमुद. यंत्राबरोबर आलेले नाव परकीय होते आणि मला ते नीट उच्चारता येईना, म्हणून घरी आणल्यावर मी ते बदलले. काचबिंदूने माझी दृष्टी गेल्यापासून पडद्यावर जे असेल ते ती मला वाचून दाखवते. मी कळफलकावर लिहिते, ती म्हणून दाखवते. एवढाच आमचा व्यवहार, आणि तो मी पाहिलेल्या पुष्कळ संसारांपेक्षा स्वच्छ आहे.

मुलीची बाजू मुलीच्या घरच्यांनीच मांडायची असते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. कळफलकावर एफ आणि जे या दोन कळांना बारीक उंचवटे असतात. तर्जन्या तेथे टेकल्या की उरलेल्या कळा आपोआप बोटांखाली येतात. बाण दाबला की कुमुद एक अक्षर वाचते, कंट्रोलची कळ धरून दाबला की शब्द, आणि खालचा बाण असेल तर परिच्छेद. मथळा आला तर वाचण्याआधी 'मथळा, पातळी दोन' अशी सूचना देते, म्हणजे ऐकणाऱ्याने सावरून बसावे. ठळक अक्षरांना ती ठळक म्हणते, पण त्यासाठी आवाज चढवीत नाही. मी चूक केली तर चुकीसकट वाचते आणि हसत नाही. माझी सून वृंदा मनाने फार चांगली आहे, परंतु तिला वाचायला सांगितले की ती मध्येच म्हणते, "आई, हे वाक्य लांबत होतं, मी थोडं गाळलं." कुमुदने आजवर माझा एक शब्दही गाळलेला नाही.

वरचा परिच्छेद तिने आत्ताच मला वाचून दाखवला. स्वतःची स्तुती वाचताना तिचा वेग यत्किंचितही बदलला नाही.

स्थळ आले तेव्हा माझे भरतकामाच्या टाक्यांवरचे पुस्तक निम्मे झाले होते. शाळेत मी मुलींना टाके शिकवीत असे. ते माझ्या बोटांना अजून ठाऊक आहेत, पण बोटांतून कागदावर उतरायला त्यांना कुमुदखेरीज दुसरा मार्ग नाही. ती सासरी गेली असती तर उरलेले टाके माझ्याबरोबरच गेले असते. मात्र केवळ आपली सोय होते म्हणून मुलगी घरात ठेवून घेणारे आईबाप मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझे मत चांगले नाही. म्हणून मी निरोप धाडला की मुलगी पाहायला अवश्य यावे.

रविवारी सकाळी मंडळी आली. मुलाचे पालक म्हणून स्थानकाचे वाहतूक नियंत्रक विश्वासराव जगदाळे होते आणि त्यांच्या थोरल्या भगिनी हौसाआक्का होत्या. मुलगा कर्ण्यातून आला होता. कर्णा नव्या टॉवेलात गुंडाळून आक्कांनी मांडीवर घेतला होता व बॅटरी विश्वासरावांनी सांभाळली होती. वृंदाने पडद्याला गजरा घातला. त्यामुळे पडदा अर्धा झाकला गेला, असे मला हाताला जाणवले. पण कुमुदचे त्यावाचून काही अडत नाही.

पोह्यांचा प्रश्न नाजूक होता. पोहे मुलीनेच करायचे असतात. यावर आम्ही असा तोडगा काढला होता की कुमुदने कृती वाचावी आणि वृंदाने तिच्या शब्दाबाहेर न जाता हात चालवावा.

"पोहे कुणी केलं?" आक्कांनी पहिल्याच घासाला विचारले.

"कुमुदनं. मी नुसते परतले," वृंदा म्हणाली.

"मीठ बेतात हाय. डोक्यानं बरी दिसती पोरगी. जरा बोलून दाखव म्हणावं तिला."

मी गाठीच्या टाक्याचे अपुरे प्रकरण उघडले. कुमुदने पहिला परिच्छेद वाचला.

"लई हळू बोलती, विहीणबाई. हिचं वाक्य सरंस्तवर आमची गाडी घाट चढून जाईल."

विहीण हे संबोधन अकाली होते, पण मी ते दुरुस्त करण्याऐवजी कुमुदचा वेग वाढवला. तो एका मर्यादेपुढे गेला की माझ्याशिवाय कोणालाही काही कळत नाही. खोलीत चमचे थांबले.

"आयला!" विश्वासराव म्हणाले. "माफ करा, काकू. पण एवढ्या झपाट्यानं तर आमचा कंडक्टरसुद्धा थांबे ओरडत नाही."

मी वेग पुन्हा कमी केला. कुमुद ताबडतोब सावकाश वाचू लागली, कसलीही घुसमट न दाखवता. इतक्या वेगावरून इतक्या सहजपणे खाली येणे मला माणसांत फारसे आढळलेले नाही.

नंतर मी मुलाला त्याची आवड विचारली. कर्ण्यात थोडी खरखर झाली.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी विटामार्गे जाईल."

"लाजतोय," विश्वासराव म्हणाले. "घाबरला की फलाट चारवरच जातो तो. एरवी गुणी आहे हो. सणासुदीच्या गर्दीत लोक काय वाट्टेल ते बोलतात त्याला, पण हा उलटून कुणाला एक शब्द बोललेला नाही."

मला मुलाचे उत्तर आवडले. त्यात एकही शब्द अनावश्यक नव्हता आणि उच्चार स्पष्ट होते.

येथवर सर्व रीतीप्रमाणे झाले. मग वृंदाने, निव्वळ आनंदाच्या भरात, माझ्या हाताखालून कळफलक ओढला आणि काहीतरी टंकले. कुमुदने लगेच वाचले, "मला हे स्थळ पसंत आहे."

"बाई बाई, काय गोड म्हणाली!" हौसाआक्का उठल्याच. "विश्वास, पिशवीतला नारळ काढ."

"नारळ पिशवीतच असू द्या," मी म्हणाले. "तिने ते वाचले, ती म्हणाली नाही."

"म्हंजे?"

"वृंदाने लिहिले ते तिने वाचले. उद्या मी 'मला शिंगे फुटली' असे लिहिले तर तेही ती इतक्याच गोडव्याने वाचील. तो तिचा प्रामाणिकपणा आहे, होकार नव्हे."

"आई, तुम्हीपण ना!" वृंदा पुटपुटली. "पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांसमोरच स्पष्ट झालेले बरे."

"मग तिला इचारायचं कसं?" आक्कांनी विचारले. "आमच्या वेळी कुणी इचारलं न्हाई, त्यामुळं ही अडचणच आली न्हाई कधी."

यावर थोडी चर्चा झाली. अखेर मी वृंदाचे वाक्य पुसले, नवा कोरा दस्तऐवज उघडला आणि वर प्रश्न लिहिला, 'तुला हे स्थळ पसंत आहे का?' खाली जागा सोडली. नंतर मी सर्वांना हात मांडीवर घ्यायला सांगितले आणि माझेही घेतले. पुस्तकाचा दस्तऐवज मागे उघडाच राहिला होता, याकडे त्या वेळी माझे लक्ष नव्हते.

कुमुदने प्रश्न वाचला. मग ती थांबली. विश्वासरावांच्या खुर्चीने एकदा आवाज केला, तेव्हा आक्कांनी त्यांना "गप की" म्हटले.

त्यानंतर कोणीही कळ न दाबता कुमुद त्या कोऱ्या दस्तऐवजातून बाहेर पडली. ती मागच्या पुस्तकात गेली आणि गाठीच्या टाक्याचे प्रकरण मथळ्यापासून वाचू लागली. सुईला दोरा गुंडाळण्याचा भाग तिने वाचला, अंगठ्याने वेढा धरून ठेवण्याचा वाचला, आणि 'यानंतर सुई कापडाच्या पाठीमागे' येथे थांबली. मी तेथवरच लिहिले होते. क्षणभराने तिने ते अपुरे वाक्य पुन्हा वाचले आणि पुन्हा तेथेच थांबली.

"हे काय उत्तर म्हणायचं?" विश्वासरावांनी विचारले.

आक्का कर्णा टॉवेलात नीट गुंडाळीत म्हणाल्या, "पोरगी म्हणती, हातातलं काम टाकून यायची न्हाई. बरोबर हाय तिचं. तव्यावर भाकरी असताना मी बी कुणाच्या हाकेला गेले न्हाई. तुमचा तो टाका पुरा होऊ द्या, मग बोलू."

"यात होकार नाही, हे आपल्या ध्यानात आले ना?" मी विचारले.

"नकार बी न्हाई, विहीणबाई," त्या म्हणाल्या.

मी वृंदाला चहा टाकायला सांगितले.

मंडळी गेल्यावर सगळी गोष्ट माझ्या हातात आली, आणि हे मला सुखाचे वाटले नाही. पुस्तक संपेपर्यंत कुमुद माझी होती, आणि पुस्तक केव्हा संपवायचे हे मी ठरवणार होते. टाक्यांचे पोटप्रकार कितीही काढता येतात. आषाढात मी रफूवर एक प्रकरण लिहायला घेतले. भरतकामाच्या पुस्तकात रफूचे काही काम नाही. पुष्कळसे लिहून झाल्यावर मी कुमुदला ते वाचायला लावले. तिने ते नेहमीसारखेच वाचले, प्रत्येक स्वल्पविरामासकट, कोठेही भुवई उंचावल्यासारखा आवाज न करता. चार वाक्यांतच मला कळले की यातले एकही वाक्य पुस्तकासाठी लिहिलेले नाही. तिच्या तोंडी खोटे परिच्छेद फार उघडे पडतात. मी ते सारे प्रकरण निवडून पुसून टाकले. 'निवडलेला मजकूर काढला,' असे ती म्हणाली आणि पुढच्या कळेची वाट पाहू लागली.

त्यानंतर मी फाटे फोडले नाहीत. गाठीचा टाका पुरा केला, साखळी टाका केला, काश्मिरी केला, आणि दसऱ्याच्या सुमारास शेवटच्या प्रकरणाला पूर्णविराम दिला. कुमुदने पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले. मी दुरुस्त्या करीत बसले नाही, कारण त्या करण्यासारख्या राहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी विश्वासरावांचा दूरध्वनी आला. मुलगा अलीकडे सांगलीची गाडी सांगताना मध्येच थांबतो, प्रवासी खोळंबतात, तेव्हा काय ते कळवावे, असे ते म्हणाले. आपल्या बाजूने त्यांनी लग्नपत्रिकेचा मजकूरही सांगितला. होकार अजून मिळालेला नाही, हे मी त्यांना पुन्हा सुनावले. तरीही मजकूर टंकून ठेवला. तो कसा वाटतो हे ऐकल्याशिवाय मी काहीच मान्य करीत नाही.

कुमुदने पत्रिका वाचली. गणपतीला केलेले वंदन वाचले, मुहूर्त वाचला, मुलाचे नाव वाचले, आणि आपले नाव वाचले. आपल्या नावापाशीही ती रेंगाळली नाही. 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' येथे मजकूर संपला. एका ठिकाणी दुरुस्ती हवी होती, म्हणून मी वरचा बाण दाबण्यासाठी बोट उचलले.

माझे बोट अजून हवेतच होते, तेव्हा कुमुदने पत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

मी हात मांडीवर घेतले आणि शेवटपर्यंत ऐकले. ती वाचून झाल्यावर वृंदाला बसस्थानकाचा क्रमांक लावायला सांगितले.