कॅनडा, मार्गे खोर फक्कान

सुरेश टिपणिसांना कंपनीने नोकरीवरून काढलं नव्हतं. तसं केलं असतं तर निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं. कंपनीने त्यांना 'लाँग लीव्ह'वर पाठवलं होतं. म्हणजे व्हिसा चालू, पगार बंद, आणि टॉवरचं काम पुन्हा सुरू झालं की फोन येईल, इन्शाल्ला. त्या वर्षी दुबईतल्या निम्म्या क्रेन जागच्या जागी उभ्या होत्या, त्यामुळे फोन कधी येणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं. सगळं आयुष्य प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून दुसऱ्यांची कामं कधी संपतील ते सांगण्यात गेलं, आणि स्वतःचं काम संपल्याचं मात्र एचआरमधल्या मुलीने सांगितलं! सुरेशरावांना याची इतकी लाज वाटायची, की दुबईच्या करामा भागातल्या आपल्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ते भिंतीकडे तोंड करून उभे राहू लागले.

पण पाडव्याच्या कार्यक्रमाला मराठी मंडळात जावंच लागलं. आणि तिथे श्रीखंडाच्या रांगेत स्मिताताईंनी गाठलंच.

"काय हो सुरेशराव, परवा भर सकाळी भाजी घेताना दिसलात! ऑफिस नाही का?"

"लीव्हवर आहे जरा."

"इंडियाला चाललात?"

"छे छे," सुरेशराव म्हणाले, आणि इंडिया नाही तर काय, हे तोंडाने डोक्याला न विचारताच सांगून टाकलं. "कॅनडा."

रांग मागे वळून बघू लागली. त्यांच्या पत्नी विभावरीवहिनींच्या हातातली पुरी श्रीखंडात बुडाली ती तिथेच राहिली.

"पीआरची, म्हणजे कायमचं राहायची फाइल टाकलीय ना," सुरेशरावांना आता थांबता येईना, "म्हटलं, सगळ्यांनी राहायला जाण्याआधी आपण एकट्याने जाऊन देश तर बघून घ्यावा. हॅलिफॅक्सपासून सुरू करायचं आणि पार दुसऱ्या टोकापर्यंत."

घरी जाताना गाडीत विभावरीवहिनींनी आधी काचा वर केल्या. मग म्हणाल्या, "कॅनडा? अहो, थाप मारायचीच होती तर इथलंच अल ऐन म्हणायचं. जाऊन तरी आलो असतो."

"गेलं तोंडातून. मला खरं सांगवेना, विभा."

मागच्या सीटवरून लेकीने, ईशानीने विचारलं, "बट बाबा, आर वी रिच ऑर नॉट?"

सुरेशरावांनी रेडिओ लावला.

आता आखातातली रीत अशी, की एखादा माणूस विमानात बसणार आहे एवढं नुसतं कळलं की त्याची बॅग त्याची राहत नाही. आठवडाभर बेल वाजत होती. स्मिताताईंनी टोरांटोच्या बहिणीसाठी चिवडा आणला. कुणी व्हँकुव्हरच्या भावासाठी लसणाची चटणी दिली, कुणी कॅलगरीच्या भाच्यासाठी मेतकूट. "कॅनडातच आहे हो सगळं, जाता जाता देऊन टाका," असं प्रत्येक जण म्हणाला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? सुरेशराव मान डोलवत गेले आणि बॅग फुगत गेली.

सगळ्यात शेवटी आला शार्दूल. मंडळाचा सेक्रेटरी, हसतमुख, कधीही बघा टाय लावलेला. त्याने खिशातून बोटभर उंचीचा प्लॅस्टिकचा मावळा काढला. मावळ्याच्या कमरेला नंबर कोरलेली पत्र्याची चकती होती.

"जिओकॅशिंग माहितीय का, सुरेशराव? जगभर लोकांनी डबे लपवून ठेवलेत. जीपीएसवर आकडे टाकायचे, बाणामागे जायचं, डबा शोधायचा. आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा परत तिथेच ठेवून द्यायचा."

"डब्यात असतं काय?"

"काही नाही. की-चेन, खोडरबर, असलंच."

"मग शोधायचा कशाला?"

"वेळ छान जातो हो," शार्दूल म्हणाला. "हा आपला मावळा. कॅनडात जिथे जिथे प्रसिद्ध जागा आहे तिथे जवळपास डबा असतोच. त्या डब्याला याची भेट घडवायची आणि साइटवर चार ओळी लिहायच्या. नकाशावर रेघ उमटते. अख्खं मंडळ बघणार आहे!"

झालं. नुसतं गायब होऊन भागलं असतं, तिथे आता रोज कुठेतरी पोचणंही नशिबी आलं.

सुरेशराव बॅग घेऊन एअरपोर्टला म्हणून निघाले ते डोंगरापलीकडे, दुसऱ्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला मुश्ताककडे जाऊन उतरले. मुश्ताक म्हणजे त्यांचा रत्नागिरीचा शाळासोबती. तो तिथल्या बंदरात कंटेनरच्या कामावर होता. खोली एक, खिडकीतून समुद्र, आणि कोपऱ्यात इंटरनेट असलेला जुना कॉम्प्युटर. तिथे मुश्ताकची लुंगी लावून सुरेशरावांनी कॅनडाच्या प्रवासाला सुरुवात केली.

मजकूर ते मराठीत लिहीत, म्हणजे कॅनडातल्या कुणाला वाचता येऊ नये. पेगीज कोव्हच्या दीपगृहापाशी मावळ्याने लाटा बघितल्या. शेडियाकला जगातला सगळ्यात मोठा सिमेंटचा लॉबस्टर आहे, त्याच्या नांगीखाली मावळ्याने फोटो काढला, पण कॅमेऱ्याची बॅटरी गेल्याने तो आला नाही. सडबरीला पाच सेंटचं एक नाणं दोन मजली घराएवढं उभं केलंय, ते बघून मावळा थक्क झाला. वावा गावात हमरस्त्याला भला मोठा हंस आहे, तिथेही मावळा थक्क झाला. रोज रोज थक्क व्हायला नवीन शब्द आणायचे कुठून, असं सुरेशरावांना होऊन गेलं.

मुश्ताक ड्यूटीवरून आला की बॅगेत हात घालायचा.

"हे कुणाचं रे?"

"टोरांटोचं."

"आणि ही?"

"व्हँकुव्हर. मुश्ताक, नको रे. लोकांनी विश्वासाने दिलंय."

"विश्वासाला मुंग्या लागतील, सुऱ्या," असं म्हणून मुश्ताकने चटणी चाखली. "व्हँकुव्हर तिखट आहे जरा."

पहिल्या दिवशी सुरेशरावांनी त्यातलं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी वास घेतला. पुढचं सांगण्यासारखं नाही.

माणूस थाप कॅनडाची मारतो, पण मारतो ती आपल्या मुलखातूनच. वावाहून निघून व्हेगरव्हिलचं ते प्रचंड युक्रेनियन ईस्टर अंडं गाठायला मोटारीने तीन-चार दिवस लागतात. सुरेशरावांना मात्र अख्खा देश एका दुपारी ओलांडायची सवय. त्यांनी लिहिलं, 'वावाहून जेवून निघालो, चहाला व्हेगरव्हिलला. शुक्रवार असल्याने दुकानं बंद होती, चारनंतर उघडली.' बॅन्फच्या डोंगरांपाशी त्यांनी लिहिलं, 'आज रविवार, ऑफिसं सुरू झाल्यामुळे गर्दी फार.' आणि मंडळातल्या कुणालाही त्यात काही खटकलं नाही, कारण आखातात त्यांचाही सुट्टीचा शुक्रवार तोच आणि कामाचा रविवारही तोच.

उलट मावळ्याने सगळ्यांना वेड लावलं. विभावरीवहिनींचा फोन आला.

"अहो, जरा कमी थक्क व्हा! इथे सगळ्यांना डबे शोधायचं भूत चढलंय. शार्दूल शुक्रवारी मंडळाची बस काढतोय."

"कुठे?"

"ते म्हणे सरप्राइज आहे."

शुक्रवारी सरप्राइज फुटलं ते बस डोंगर ओलांडून पुढे गेल्यावर. विभावरीवहिनींनी पदराआड फोन धरून मेसेज केला, 'खोर फक्कान. लपा.' पण तो फोन खोलीत चार्जिंगला होता आणि फोनचे मालक लुंगी-बनियनवर किनाऱ्यावर बसून, मांडीवर वाडगा घेऊन, टोरांटोचा चिवडा खात होते.

"अगंबाई, पाणी किती निळं!"

आवाज ओळखीचा होता. सुरेशरावांनी मान वळवली तर बसमधून स्मिताताई उतरत होत्या, त्यांच्यामागे शार्दूलची बायको मंजुषा, आणि मग एकेक करून पाडव्याची अख्खी रांग. सुरेशरावांची पाचावर धारण बसली. खोलीकडे जावं तर वाटेत बस उभी. त्यांनी एका हाताने लुंगी आणि दुसऱ्या हाताने वाडगा सावरला आणि किनाऱ्याच्या टोकाशी असलेल्या खडकांकडे धूम ठोकली. सगळ्यात मोठ्या खडकामागे ते उकिडवे बसले. इथे कोण येतंय, असं म्हणून त्यांनी घाम पुसला.

थोड्या वेळाने आवाज जवळ येऊ लागले.

"शार्दूलभाऊ, बाण कुठे दाखवतोय?"

"सरळ. तो मोठा खडक दिसतो ना, त्याच्या मागे. पन्नास फूट."

सुरेशरावांनी खाली पाहिलं. त्यांच्या गुडघ्याला लागून, चार दगडांखाली, हिरव्या झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा होता.

"तीस फूट!" पोरं ओरडली. "ट्वेंटी!"

पुढे समुद्र, मागे मंडळ. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. सुरेशरावांना ते अगदी मनापासून वाटलं, पण खडक जाम हलला नाही.

"थांबा सगळे," शार्दूलचा आवाज आला. "आधी मी बघतो. साप-बिप असायचा."

खडकाला वळसा घालून शार्दूल आला. 

"नमस्कार," सुरेशराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शार्दूल खाली वाकला आणि कुजबुजला, "तुम्ही कॅनडात नाही हे मला माहीत होतं. पण इतक्या जवळ असाल असं वाटलं नव्हतं."

"माहीत होतं?"

"अहो, कॅनडात शुक्रवारी दुकानं बंद? आणि रविवारी ऑफिस?"

"मग बोलला का नाहीत?"

शार्दूलचा हसरा चेहरा एकदम दुसऱ्याच कुणाचा झाला. "कुठल्या तोंडाने बोलणार? मीही लाँग लीव्हवर आहे. तुमच्याही आधीपासून. रोज टाय लावून निघतो आणि दिवसभर डबे शोधतो. दुबईतला एक डबा शोधायचा ठेवला नाही मी. रोज उठून तुम्ही कुठे पोचलात ते वाचायचो आणि म्हणायचो, चला, आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे." त्याने मागे बघितलं. "मंजुषाला माहीत नाही. प्लीज."

"अहो, सापडलं का?" खडकापलीकडून मंजुषाने हाक मारली, आणि उत्तराची वाट न बघता सगळं मंडळ येऊन उभं राहिलं.

 स्मिताताईंनी लुंगीकडे पाहिलं, मग वाडग्याकडे. "हा माझा चिवडा का?"

सुरेशराव उभे राहिले. आता आणखी एक थाप सहज मारता आली असती. कालच परत आलो, विमान इकडे वळवलं, काहीही. पण त्यांना स्वतःचाच वीट आला होता.

"तुमचाच आहे, स्मिताताई. मी कॅनडाला गेलोच नाही. मला कंपनीने लाँग लीव्हवर बसवलंय, पगार नाही. सांगायची लाज वाटली म्हणून इथे येऊन लपलो आणि तुम्ही नातेवाइकांसाठी दिलेलं खाल्लं. त्याची जास्त लाज वाटतेय."

विभावरीवहिनी गर्दीतून पुढे आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. "मलाही सगळं ठाऊक होतं. खोटं मीही बोलले," त्या म्हणाल्या.

 मग स्मिताताईंनी वाडग्यातून चिमूटभर चिवडा उचलला. "मीठ कमीच पडलंय मेलं," त्या पुटपुटल्या. "बरं झालं नाही पोचला ते. बसमध्ये पुलाव आहे, जेवायला चला."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि सगळे बसकडे वळले. पण मंजुषा हलली नाही. ती अजून सुरेशरावांकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत चक्क आदर होता.

"बायकोला सगळं खरं सांगितलं होतंत ना, ते आवडलं मला. आमच्या ह्यांचंही तसंच. असं काही झालं असतं तर ह्यांनी ऑफिसच्या लिफ्टमधूनच मला फोन केला असता." तिने शार्दूलकडे वळून म्हटलं, "अहो, तुमच्या ऑफिसात माणसं घेतायत म्हणाला होतात ना? रविवारी घेऊन जा ना यांना. तुमच्या साहेबांना भेटवा."

शार्दूल हातातल्या जीपीएसकडे बघत राहिला. "नेतो," तो म्हणाला.

"टाय लावून या हं, सुरेशराव!"

रविवारी सकाळी सुरेश टिपणीस टाय लावून, बायोडेटाची फाइल काखेत मारून निघाले. विभावरीवहिनींनी हातावर दही दिलं. ऑफिसला जाणाऱ्या गर्दीतून शार्दूलने त्यांना झबील पार्कमध्ये नेलं आणि एका झाडाखालच्या बाकावर बसवलं.

"हे माझं केबिन," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न त्याने केला, पण जमलं नाही.

दोघं टाय लावून बसून राहिले. माळ्याने समोरच्या हिरवळीला पाणी घातलं, पाइप गुंडाळला आणि तो निघून गेला. दुपारी शार्दूलने डबा उघडला. मंजुषाने आज पुडाचा डबा दिला होता. एका पुडात त्याची थालीपिठं, आणि दुसऱ्यात सुरेशरावांसाठी, वर लोण्याचा गोळा ठेवून. 'इंटरव्ह्यूच्या टेन्शनमध्ये माणूस जेवत नाही, आग्रह करून वाढा,' असं तिने बजावलं होतं म्हणे.

सुरेशरावांनी एक घास तोडला आणि तो परत पुडात ठेवला. खोर फक्कानच्या खडकांत सगळ्यांसमोर उभं राहताना वाटली नव्हती एवढी लाज त्यांना या बाकावर वाटली. ती त्यांची नव्हतीसुद्धा. शेजारच्या माणसाची होती.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि टाय सैल केला.

"उठा, शार्दूल. यल्ला, चला. तुमच्या घरी जाऊ."

"आत्ता? मंजुषाला काय सांगू?"

"मला नोकरी मिळाली नाही, हे मी सांगतो," सुरेशराव म्हणाले. "का मिळाली नाही, ते तुम्ही सांगा."