आठव्या इनिंगचा ताळा

सकाळी साडेसातला बेल वाजली की कोण आलंय ते मला बघावंही लागत नाही. दारात सबनीस काका असतात. हातात पेपर, खिशाला लाल पेन आणि चेहरा असा, की कुणीतरी गेल्याची बातमी द्यायला आलेत.

"अगं मुग्धा, डावखुऱ्या पिचरला यांनी आज उजवा करून टाकलाय!"

पिचर म्हणजे बेसबॉलमधला बोलर. मला आधी चहा लागतो. पण काकांपुढे कुणाचं काय चालतंय! इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आमच्या शेजारचं घर त्यांच्या मुलाचं. मुलगा-सून लवकर कामावर जातात, नात इंग्रजीत दोन शब्द टाकून खोलीत जाते, आणि मी पडले घरून काम करणारी. म्हणजे सगळ्यांच्या मते रिकामीच. काकांचं इंग्रजी चोख, पण टाइप करायला बोटं ऐकत नाहीत. म्हणून पेपरवाल्यांना त्यांच्या चुका कळवणारी ईमेल मी पाठवायची. दोन वर्षं पाठवतेय. ऑफिसच्या ईमेल राहतात, ही राहत नाही.

आणि चुका तरी किती असाव्यात! फोटो एकाचा, नाव दुसऱ्याचं. बातमीत पाच रन्स, खालच्या तक्त्यात चार. एक बिचारा खांदा दुखावून महिनाभर घरी बसला होता, त्याच्याकडूनही यांनी होमरन मारून घेतला. "पेपर काढतात की भेळेचे कागद?" काका मला विचारतात. मला काय ठाऊक? बेसबॉलमधलं मला एवढंच कळतं, की त्यात नऊ इनिंग असतात आणि तो संपत नाही.

काका पुण्यात क्लब क्रिकेटचे स्कोअरर होते. तिथे दोन स्कोअरर शेजारी बसतात आणि ओव्हर संपली की आपापल्या वह्या ताडून बघतात. काका त्याला ताळा करणं म्हणतात आणि ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावतात. मी गॅस बंद केला म्हटलं तरी "ताळा केलास?" इथे आल्यावर ते टीव्हीवर बेसबॉल बघायला लागले आणि काकूंना त्यांनी दुसऱ्या स्कोअरर करून टाकलं. सोफ्यावर दोघं, मांडीवर दोन वह्या. काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

या जूनमध्ये इथल्या टीमचा एक म्हातारा फील्डर रिटायर झाला. म्हातारा म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पेपरात पानभर लेख आला. त्याने भिंतीवर झेपावून घेतलेला एक कॅच फार गाजला होता, तो लेखात सातव्या इनिंगमध्ये टाकला होता. काका म्हणाले, आठव्या. मी ईमेल केली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. नवव्या ईमेलला मात्र माझा तोल गेला.

"काका, सातवी काय नि आठवी काय! घेतला ना त्याने कॅच? कुणाचं काय अडलंय?"

एरवी त्यांनी मला अर्धा तास सुनावलं असतं. त्या दिवशी तडक निघून गेले. रागावले वाटतं, म्हटलं. बरं झालं, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू? पाच मिनिटांत परत आले, तर हातात दोन वह्या.

दोन्ही वह्यांत त्या कॅचचीच मॅच होती, दोन वर्षांपूर्वीची. काकांच्या वहीत कॅच सातव्या रकान्यात. काकूंच्या वहीत, बारीक नेटक्या अक्षरात, आठव्या.

"माझा डोळा लागला होता," काका म्हणाले. "कबूल नाही केलं मी. वर हिलाच म्हणालो, तुझं लक्ष नसतं. सकाळी पेपरातही सातवीच आली. मग काय, नाचवला मी तो पेपर हिच्यासमोर. ही म्हणाली, असेल बाई, माझंच चुकलं असेल. त्याच आठवड्यात गेली. नंतर मी व्हिडिओ बघितला. आठवीच होती गं. तेव्हापासून मी या पेपरची एक ओळ सोडत नाही."

मला माझीच लाज वाटली. दहावी ईमेल मी माझ्या मनाने लिहिली. काकूंचं सगळं सांगितलं, दोन्ही वह्यांचे फोटो जोडले.

चौथ्या दिवशी बेल साडेसातच्या आधीच वाजली. काकांनी पेपर माझ्यापुढे धरला. आतल्या पानावर, कोपऱ्यात, दोन ओळी: रविवारच्या लेखात उल्लेख केलेला कॅच आठव्या इनिंगमधला होता, चुकीबद्दल दिलगीर आहोत. मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात लक्षात आलं. लेख आला होता शनिवारी. कर्म माझं, दुरुस्तीतही चूक!

मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला. "सांगा काका, काय लिहू?"

काका माझ्या स्वयंपाकघरातली कात्री घेऊन त्या दोन ओळी कापत होते, अगदी कडेकडेने. लाल पेन खिशातच होतं. काकूंची वही समोर उघडी होती.

"राहू दे गं," ते म्हणाले. "हिचं बरोबर छापलंय ना."