सगळ्यांच्या वतीनं एक गवा

बाळांनो, जरा सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण तिच्यातले प्राणी अंगानं मोठे आहेत.

एका जंगलात दरवर्षी पोरांची शर्यत असायची. ओढ्यापासून निघायचं आणि गिधाडकड्याच्या माथ्यावर पोचायचं. चढ असा, की नुसतं बघून धाप लागावी. प्रमुख पाहुणे म्हणून वाघोबा यायचे. त्यांना पळणारी पोरं फार आवडत.

जंगल मोठं शहाणं होतं. शर्यतीआधी प्रत्येक पोराची तब्येत तपासायची, असा तिथं नियमच होता. तपासायचे ठोके डॉक्टर. हे जातीचे सुतारपक्षी. कुठलं झाड आतून भरीव आणि कुठलं पोकळ, हे ठोकून ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते पोराच्या छातीवर चोच आपटायचे आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकायचे.

नियम चांगला. पण चांगल्या नियमाला वेळ लागतो. आणि शर्यत भरवणारे हुप्पे मास्तर, म्हणजे एक वयस्कर वानर, त्यांना वेळ नव्हता. त्यांनी तोड काढली. बळवंता नावाचा एक तरणा गवा होता. काळाभोर, छाती म्हणजे कातळच. मास्तर त्यालाच झाडाखाली उभा करायचे आणि फांदीवर बसून एकेक नाव पुकारायचे.

"रंगा चितळ!"

टक टक. "उत्तम!"

"दगडू भेकर!"

टक टक. "उत्तम!"

"सशांची गंगू!"

टक टक. "वा! काय छाती आहे पोरीची!"

डोळे मिटलेले डॉक्टर खूष. इतकं निरोगी जंगल त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं. तसं हेही त्यांनी पाहिलं नव्हतंच म्हणा.

आईबापांना हे ठाऊक नव्हतं का? होतं की. पण त्यांना ते सोयीचं वाटायचं. पोर ऊन टाळून सावलीत बसे, आणि घरी 'उत्तम' येई.

एकट्या वेणूला मात्र चैन पडेना. वेणू म्हणजे दगडूची आई. भेकरीण, अंगानं बारीक, बोलायला हळू. तिचा थोरला ह्याच चढावर पळता पळता खाली बसला, तो उठलाच नाही. दृष्ट लागली, असं सगळे म्हणाले. म्हणून धाकट्याचं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोण दृष्ट लावणार? पण आता दगडूही चढावरून आला की त्याची जीभ निळसर पडे. चारी पाय पसरून तो गप्प पडून राही.

वेणू मास्तरांकडे गेली.

"मास्तर, माझ्या दगडूला एकदा तपासा हो."

"वेणूताई, तपासलाय. उत्तम निघालाय."

"कधी? तो तर दिवसभर माझ्याजवळ करवंदीच्या जाळीत होता."

"तो नव्हता, पण त्याचं नाव होतं की! इतकी मोठमोठी जनावरं गप्प बसतात, आणि शंका तुम्हालाच बऱ्या सुचतात."

शेजारी सोनाई चितळीण चरत होती. ती म्हणाली, "अगं वेणू, नसतं कशाला उकरून काढतेस? उद्या काही निघालं, तर पोराला पोरगी कोण देईल? आमच्या रंगाचं उत्तम आलं, मी पुढं विचारलंच नाही."

वेणूनं दगडूला पुढं घातलं आणि तडक ठोके डॉक्टरांच्या सागापाशी नेलं. तिथं ना मास्तर होते, ना गवा.

टक टक.

डॉक्टरांनी डोळे उघडले. पोरं तपासायला लागल्यापासून ते ठोकताना पहिल्यांदाच उघडले असतील. समोर इतकंसं भेकर बघून ते दचकलेच. त्यांनी परत ठोकलं. कान लावला.

"ह्याच्या पाठचं-पुढचं कुणी असं गेलंय का?"

"थोरला गेला. त्या चढावरच."

डॉक्टर म्हणाले, "बाई, ह्याला चरू दे, हिंडू दे. चढावर पळवू मात्र नकोस. एकदाही नाही."

बातमी मास्तरांच्या कानावर गेली. ते झाडांवरून उड्या मारत आले.

"डॉक्टर, हा दगडू कच्चा निघाला, तर माझ्यासमोर तपासलेला दगडू उत्तम कसा? आणि मग बाकीच्यांचं काय? सगळी पोरं परत ठोकणार? वाघोबांना मी काय तोंड दाखवू? तुमची खुर्ची त्यांच्या शेजारी मांडलीय, आहे ना लक्षात?"

डॉक्टरांनी चोच फांदीला पुसली.

"तसं नव्हे मास्तर. मी आपलं ह्या एका पोरापुरतं बोललो," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे परत मिटून घेतले.

शर्यतीचा दिवस उजाडला. दगडू हट्टाला पेटला होता. वेणूनं त्याचा कान दातात धरला आणि सोडला नाही.

"भेकरं ती भेकरंच!" पोरं ओरडली. "बस आईच्या शेपटीखाली!"

पळायला आणखी एक जण नव्हता. बळवंता. सगळ्यांच्या वाट्याची चोच खाऊन त्याची छाती सोलून निघाली होती. तो कडेला उभा राहून कण्हत होता, "मी सगळ्यांच्या वतीनं उत्तम आहे. पण मला स्वतःला पाऊल उचलवत नाही."

रंगा सगळ्यांच्या पुढं होता. हसत पळत होता. निम्म्या चढावर तो खाली बसला. सगळ्यांना वाटलं, पाय मुरगळला असेल. तो उठलाच नाही.

वाघोबांनी दुःख व्यक्त केलं. अंत्यविधीची सगळी जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली.

मग सभा भरली. हुप्पे मास्तर उभे राहिले.

"रंगाच्या तपासणीत काडीचा दोष नव्हता. ती उत्तम होती. दोष असेल तर त्या चढाचा. पुढल्या वर्षापासून रंगाच्या नावानं चषक ठेवू."

सगळ्यांनी माना हलवल्या.

"आता दुसरं. यंदा खरोखर चोच लागली ती दोघांनाच. बळवंताला आणि दगडूला. आणि पळाले नाहीत ते कोण? हेच दोघं! मग मला सांगा, पोरं निकामी होतात ती कशानं?"

"तपासणीनं!" जंगल एका आवाजात ओरडलं. सगळ्यांत मोठा आवाज ठोके डॉक्टरांचा होता. त्या दिवसापासून तपासणी बंद झाली.

सोनाई ओरडली नाही. ती नुसती दगडूकडे बघत राहिली.

परतताना दगडूनं विचारलं, "आई, मी भित्रा आहे का गं?"

वेणू चालता चालता थांबली.

"असशीलही बाबा," ती म्हणाली. "पण माझ्याजवळ आहेस." आणि तिनं त्याला कोवळ्या गवताकडे ढकललं.

तात्पर्य: पोराला कधी तपासायला नेऊ नये. नेलं की काहीतरी निघतं, आणि काहीतरी निघालं की पोर उगाच म्हातारं होईपर्यंत जगतं. त्यापेक्षा शेजारचा गवा धडधाकट आहे, ह्यातच समाधान मानावं, आणि पोराचं नाव तेवढं चषकावर शोभेल असं ठेवावं.