शिफ्टमध्ये गळणारा बांध

अकलोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या ओंजळीत नामा पाटलांनी चाळीस वर्षांपूर्वी घातलेला तळ्याचा मातीचा बांध सकाळी गळायचा आणि दुपारी कोरडा व्हायचा.

जुने बांध तपासत फिरणारा इंजिनिअर मिलिंद आठवडाभर या कोड्यापुढे उकिडवा बसला होता. त्याने बांधाची उंची मोजली, खेकड्यांची बिळं मोजली, वर चरणाऱ्या म्हशींच्या खुरांच्या खुणासुद्धा वहीत उतरवल्या. सगळं ठीक होतं. फक्त बांधाच्या बाहेरच्या उतारावर, चाफ्याच्या रोपाखाली, सकाळी नऊ वाजता ओलीचा एक ओघळ दिसायचा. दुपारी दोनला तो गायब.

"पाण्याला घड्याळ कळतं का हो?" त्याने दीपेशला विचारलं.

दीपेश हा नामा पाटलांचा एकुलता एक मुलगा. भिवंडीत कामतघरला त्याचे चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. वडील गेल्यापासून दीड वर्षात तो या घरी तीनदा आला होता, आणि तिन्ही वेळा अंगणात गाडीचं इंजिन चालूच होतं. पण बांध गळतोय म्हणून मिलिंदचा फोन गेला आणि तासाभरात तो बॅग घेऊन हजर झाला. बांधाखाली वाडी होती, पंधरा घरांची. बांध फुटला असता तर तळं सरळ त्यांच्या चुलीत शिरलं असतं.

"बाबांचा बांध ना, टायमाचा पक्का," दीपेश म्हणाला. "फर्स्ट शिफ्ट करतो आणि घरी जातो."

दोघं हसले. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली दीपेशची आई, हौसाबाई, हसली नाही. ती सुपाशीच गुणगुणत होती:

"डोंगराच्या वटीमंदी पानी साठलं, साठलं,
लेक गेला शहरात, माजं दार न्हाय मिटलं."

रोज संध्याकाळी दीपेश बॅग भरायचा. "आये, उद्या सकाळी निघतो गं. लूमवर मानूस न्हाय."

"जा ना. मी कुठं अडवलंय?" हौसाबाई म्हणायची आणि दिव्याची वात सारखी करायची.

सकाळी मिलिंदची हाक यायची, "दीपेशभाऊ, या जरा! आज ओघळ लांबलाय!" दीपेश कपाळाला हात लावून बॅग पुन्हा खुंटीला अडकवायचा. आत कालवणाला फोडणी पडायची, ती जरा जास्तच दणक्यात.

शुक्रवारी मात्र चाफ्याखाली ठणठणीत कोरडं होतं. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद, त्यामुळे दीपेशला जायची घाई नव्हती. तो आईजवळ बसून दुपारपर्यंत वाल सोलत होता.

"कमाल आहे!" मिलिंद वही आपटत म्हणाला. "तुमचा बांध आठवड्याची सुट्टीपण घेतो?"

"साहेब, तुम्ही त्याला युनियनमध्ये घालू नका फक्त."

शनिवारी ओघळ पुन्हा कामावर रुजू झाला. तेव्हा मिलिंदने शेवटचा उपाय काढला. तळ्यातलं पाणीच बांधातून वाट काढत असेल तर तळ्यात रंग सोडायचा, आणि तो बाहेर येतो का ते बघायचं. जत्रेतल्या मिठाईत घालतात तो गुलाबी रंग दीपेशने अंबाडीच्या बाजारातून आणला. संध्याकाळी दोघांनी तो तळ्याच्या पायऱ्यांजवळच्या पाण्यात ओतला. कडेचं पाणी लाजल्यासारखं दिसू लागलं.

रविवारी सकाळी चाफ्याखालचा ओघळ गुलाबी होता.

मिलिंदचा चेहरा उतरला. बांध आरपार गळत होता, यात आता शंका उरली नव्हती. तो ओसरीवर न्याहारीला बसलेल्या दीपेशजवळ येऊन बसला. आत हौसाबाई भाकऱ्या थापत होती, आणि त्या थापेचा ताल बाहेरपर्यंत येत होता.

"दीपेशभाऊ, वाईट वाटतं सांगायला. पण हा बांध ठेवता येणार नाही. वाडीचा जीव धोक्यात घालू शकत नाही मी. उद्या जेसीबी मागवतो. कापून तळं मोकळं करावं लागेल."

आतली थाप थांबली.

दीपेश बांधाकडे बघत राहिला. लहानपणी त्याच बांधावर बाप त्याला खांद्यावर घेऊन चालायचा. "चाळीस वर्सं टिकला," तो हळूच म्हणाला. "आन बाबा गेले तसा..."

हौसाबाई बाहेर आली. तिने लेकाच्या ताटात भाकरी ठेवली. तांदळाची, चांदण्यासारखी पांढरी. आणि तिच्यावर पाच गुलाबी बोटं उमटलेली.

दीपेशने भाकरीकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे. मिलिंदने हातांकडे पाहिलं, मग मोरीपाशी पालथ्या घातलेल्या हंड्याकडे. हंड्याचे काठ गुलाबी होते.

"आये?"

हौसाबाईने हात पदरात लपवले. आता पदरही गुलाबी झाला.

"चाफा तुज्या बापाच्या वरसाला लावला मी," ती म्हणाली. "त्याला तळ्यातला एक हंडा घालायची रोज. साहेबानं वल बघली, तुला फोन लावला. तू आलास. मग दोन घातलं. तू बॅग भरलीस त्या दिवशी चार."

"आन शुक्रवारी?"

"शुक्रवारी कुठं जानार हुतास तू?"

अंगणात एक म्हैस तेवढी निवांत रवंथ करत होती.

"म्हणजे आठ दिवस मी तुमचे हंडे मोजतोय, मावशी?"

"मना इचारायचंस. मी मोजलंत, बावीस झालं." मग ती मिलिंदच्या आणखी जवळ आली. "बाबा, तो जेशीबी नको रं. त्यांनी पाटीनं माती व्हायलीय. मी बी व्हायलीय, याला पोटात घिऊन."

मिलिंदने वहीची सात पानं फाडली. बांध मजबूत असल्याचं त्याने लिहून दिलं. एकच दोष काढला: चाफ्याची मुळं पुढे मातीत वाट पाडतील, तेव्हा रोप हलवावं. ते दीपेशने स्वतः खणून अंगणात, ओसरीसमोर लावलं. जाताना मिलिंदने अहवालात एक ओळ वाढवली, 'दर शुक्रवारी मालकाने समक्ष हजर राहून पाणीपातळी मोजावी.'

"असा नियम हाय?" दीपेशने विचारलं.

"आजपासून आहे."

तिसऱ्या शुक्रवारीही दीपेश आला. पाणीपातळी मोजायला दोन मिनिटं लागली, वाल सोलायला दुपार गेली. ऊन उतरल्यावर तो बांधावर जाऊन उभा राहिला. पायाखालची माती भाजलेल्या मडक्यासारखी कोरडी होती. त्याने बायकोला फोन लावला.

"विनिता, आज न्हाय येत मी. बांध परत गळायला लागलाय... हां, लई गळतोय. एकट्याला जमनार न्हाय. तू असं कर, उद्या सकाळी पोरांना घेऊन तूपण ये."

खाली अंगणात हौसाबाई चाफ्याला पाणी घालत होती. एकच हंडा.