सत्तावीस नमुने, टीटीटीटीटी

गव्हावरच्या तांबेऱ्याच्या बाबतीत माझा हात धरेल असं उत्तर डकोटात कुणी नाही. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक अक्षर चुकीचं गेलेलं नाही. अक्षर म्हणते ते मुद्दाम, कारण आमचा सगळा कारभारच अक्षरांचा. तांबेऱ्याचे वंश कितीतरी, आणि अधूनमधून नवा कुणीतरी उगवतो. तो ओळखायचा कसा? गव्हाच्या वीस ठरावीक वाणांच्या वीस कुंड्या घ्यायच्या, शेतातल्या रोगट पानावरची तपकिरी भुकटी त्यांच्यावर सोडायची आणि दोन आठवड्यांनी कोणकोणता वाण बळी पडला ते बघायचं. चार-चार कुंड्यांमागे एक अक्षर, म्हणून वंशाचं नाव पाच अक्षरी. चारही कुंड्या बळी पडल्या तर अक्षर टी.

त्या जुलैत आमची टंकलेखिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी महिनाभरासाठी गुलिक्सन बाई आल्या. बाईंनी गावच्या शाळेत एक्केचाळीस वर्षं व्याकरण शिकवलं. मला शिकवलं, आमच्या मदतनीस क्लेटनला शिकवलं, आणि शेजारच्या इमारतीत गव्हाचे नवे वाण तयार करणाऱ्या ऑर्डेल थोर्सगार्डलाही शिकवलं. ऑर्डेल आता एकसष्ट वर्षांचा आहे, तरी बाई दिसल्या की टोपी काढून खिशात कोंबतो.

मी माझी नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली. "बाई, एवढं संगणकात घालाल?"

"तुझं अक्षर काही सुधारलं नाही, मॅरिट," बाई म्हणाल्या. "ठेव."

गुरुवारी सकाळी तक्ता हातात आला. माझ्या प्रयोगाच्या शेतातले सत्तावीस नमुने, आणि सत्तावीसही नमुन्यांपुढे एकच नाव: टीटीटीटीटी. कागदाचं त त प प झाल्यासारखं दिसत होतं.

वीसपैकी वीस वाण बळी! असा तांबेरा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. इथे कोणत्याही शहाण्या माणसाने नोंदवही उघडून ताडून पाहिलं असतं. पण खरं सांगते, मला आधी भीती वाटलीच नाही. आधी डोळ्यांसमोर आला शोधनिबंध आणि त्यावरचं माझं नाव. मग भीती वाटली, कारण ऑर्डेल आठवला.

ऑर्डेलने अकरा वर्षं खपून एक गहू तयार केला होता. आईच्या नावावरून त्याला रॅगना म्हणायचा. त्याचं सगळं बियाणं माझ्या शेताला लागून एका तुकड्यात उभं होतं. आणि आमच्या केंद्राचा नियम असा, की अशा नव्या वाणाला खाणारा तांबेरा शेजारी सापडला तर चोवीस तासांत रोगाच्या शेतासकट तो तुकडा नांगरायचा.

"ऑर्डेल, नवा वंश सापडलाय," मी जाऊन सांगितलं.

"काय खातो?"

"सगळं."

"सगळं म्हणजे रॅगना धरून?"

"धरून."

त्याने खिडकीतून रॅगनाच्या तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. हे जरा वेगळंच झालं."

आमच्याकडे माणूस एवढं बोलला, म्हणजे त्याने हंबरडा फोडला असं समजायचं.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. तांबेऱ्याचे नवे वंश बार्बेरीच्या काटेरी झुडपावर जन्मतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीन वाजता क्लेटन आठ पेन्शनर आणि नऊ फावडी घेऊन निघाला. गावात बार्बेरी औषधालाही नव्हती, पण फावडं घेऊन निघालेला माणूस तसाच परततो थोडाच? त्यांनी दंतवैद्याचे गुलाब उपटले आणि चर्चकडे मोर्चा वळवला.

"क्लेटन, ही गूजबेरी आहे," पाद्री म्हणाले.

"काटे आहेत ना?"

"आहेत."

"मग जोखीम नको, फादर."

संध्याकाळी चर्चच्या बायका मयताच्या घरी नेतात तशी खिमा-बटाट्याच्या हॉटडिशची भांडी घेऊन ऑर्डेलकडे रांगेने आल्या. परगावच्या एका मावशींनी हळूच विचारलं, "केवढा होता हो?"

"अकरा वर्षांचा," कुणीतरी सांगितलं. मावशींना रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राज्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांसाठी इशाऱ्याचं पत्र लिहिलं आणि तपासायला बाईंकडे नेलं.

"पत्र ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या वहीने मला मान खाली घालायला लावली. पानोपानी अर्धविराम!"

"अर्धविराम?"

"एकेका घरात नुसता अर्धविराम. अलीकडे वाक्य नाही, पलीकडे वाक्य नाही. हे शिकवलं होतं मी तुला? गाळून टाकले सगळे. तीनशे बारा."

अर्धविराम ही आमच्या धंद्यातली खूण आहे. पानावर जेमतेम एक ठिपका उठला, पण रोग पुढे सरकला नाही, गहू वाचला, की त्या घरात आम्ही अर्धविराम काढतो. बाईंनी वाचलेले सगळे गहू गाळले होते. रिकामं घर संगणक मोजत नाही. उरले ते नुसते बळी.

"बाई, तो अर्धविराम नाही. तो ठिपका आहे."

"मग पूर्णविराम दे."

मी शेताकडे धावत सुटले. ऑर्डेल ट्रॅक्टरवर फोन नेत नाही. ट्रॅक्टर चालू होता, नांगर जमिनीत होता. मी दोन्ही हात हलवत थेट पुढ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे त्याने इंजिन बंद केलं.

"थांब," मी धापा टाकत म्हणाले. "चूक झाली. असा वंशच नाही. रॅगनाला काही धोका नाही."

"चूक कुणाची?"

"बाईंनी अर्धविराम गाळले."

"त्यांना काही बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस."

रॅगना पलीकडे वाऱ्यावर डुलत होता, एक ओंबीही मोडली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. मग ट्रॅक्टर कुठे उभा आहे ते माझ्या ध्यानात आलं. मागे बांधापासून बांधापर्यंत काळी माती उलथलेली होती.

"ऑर्डेल, हे माझं शेत आहे."

"हो ना." त्याने रुमालाने मान पुसली. "सकाळी सातला आलो होतो. पण त्याच्यात नांगर घालवेना. म्हटलं, तोवर तुझं उरकून घेऊ."

वर्षाअखेरच्या अहवालात ऑगस्टच्या रकान्यात आमच्या केंद्रावरच्या तांबेऱ्याचं प्रमाण मी शून्य टक्के असं भरलं. आकडा बिनचूक आहे. शेतात गहूच नव्हता, हे लिहायला त्या तक्त्यात जागा नाही.