धाकट्या सिलिंडरचा नकार

आडवेळच्या किनाऱ्यावर पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाला राखीव श्वासाचं उपकरण विकत मिळत नाही. उपकरणच आपल्या वडीलधाऱ्यांना घेऊन माणसाला बघायला येतं आणि पसंत पडला तर त्याच्यासोबत उतरतं. पाठीवरचा मोठा सिलिंडर भाड्याने मिळतो, तो कोणाच्याही पाठीवर बसतो. पण त्याने ऐन वेळी दगा दिला तर ज्याच्या नळीला तोंड लावायचं, तिथे दोन्ही बाजूंची पसंती हवी, असं तिथल्या लोकांचं म्हणणं आहे.

भालचंद्र ओगले यांना ते बिलकूल मान्य नव्हतं. द्रवांचा दाब हा विषय शिकवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. शेकडो उमेदवारांना त्यांनी मुलाखतीत समोर बसवून घाम फोडला होता. (आपण त्यातल्या किती जणांना चुकून नापास केलं, हा विचार त्यांना अजून जेवताना सतावायचा, ते वेगळं.) आता या वयात एका नळीने आपल्याला बघायला यावं?

पण पत्नी शशिकलाबाईंपुढे त्यांचा इलाज नव्हता. साठी उलटल्यावर त्यांनी स्कूबा शिकून घेतलं होतं आणि त्यांचं राखीवही केव्हाच जुळलं होतं. आडवेळच्या समुद्रात खडकाची एक कमान आहे आणि तिच्या आत पोवळ्यांचे जांभळे पंखे उगवलेत, असं त्या दोन वर्षं सांगत होत्या. तेवढ्या खोलीवर तांबडा प्रकाश पोचत नाही, जांभळं असेल ते निळंच दिसणार, असं भालचंद्रराव दोन वर्षं त्यांना समजावत होते.

"मग येऊन बघा आणि तिथे बोला," असं एकदा शशिकलाबाई म्हणाल्या. म्हणून सत्तरीतला हा माणूस पोहण्याच्या तलावात शिकला, पास झाला आणि आडवेळला आला. पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आधीची शेवटची होडी परवा निघणार होती. तोवर भालचंद्ररावांचं कुठल्या उपकरणाशी जुळलं नाही, तर शशिकलाबाईंच्या जोडीला सोवनी नावाचे बँकेतले निवृत्त मॅनेजर उतरणार होते. सोवनींचं पहिल्याच बैठकीत जुळलं होतं.

पहिलं स्थळ पिवळ्या नळीचं आलं. ही त्याच मोठ्या सिलिंडरला जोडलेली दुसरी नळी. स्वभावाने साधी, कोणाशीही जमवून घेणारी. भालचंद्ररावांनी तिला तिथल्या तिथे नाकारलं.

"हवा एकाच सिलिंडरमधली," ते म्हणाले. "ती संपली की पहिलीही संपली आणि हीही. मग ही राखीव कसली?"

"सर, तेका एकत्र कुटुंब म्हणतत," मेघश्याम कुबल म्हणाला. त्याचं स्कूबाचं दुकान होतं आणि दोन्हीकडची बोलणी तोच करायचा. पिवळी नळी अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेली.

दुसरं स्थळ धाकट्या सिलिंडरचं. हाताच्या लांबीचा, वेगळ्या बिऱ्हाडाचा, स्वतःची हवा बाळगून असलेला. भालचंद्ररावांना तो बघताक्षणी पटला. संध्याकाळी तो त्याच्या आत्याबाईंसोबत रिक्षातून उतरला. आत्याबाई म्हणजे जुनी पोलादी टाकी, जाडजूड, मानेपाशी जरा गंजलेली. धाकटा आपल्या दाबमापकाच्या काट्याची नजर खाली लावून बसला. पोहे आले.

"एका मिनिटात श्वास किती घेता?" आत्याबाईंनी विचारलं.

भालचंद्ररावांनी सांगितलं.

"जास्त आहेत. चालून दाखवा."

"चालून?"

"पायात ते घालून."

शशिकलाबाईंनी पोह्यांच्या बशीत मान घातली. भालचंद्रराव रबरी पंजे चढवून खिडकीपर्यंत फटक फटक जाऊन आले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आता शेवटचं. आमच्या मुलाला तुम्ही कसं सांभाळाल?"

अशा प्रश्नांत भालचंद्ररावांचा हातखंडा होता. ते ताठ बसले. "मी अत्यंत सावध माणूस आहे. सगळी आकडेमोड मी करून ठेवली आहे. मी शब्द देतो, याला हात लावायची वेळ मी आयुष्यात येऊ देणार नाही."

आत्याबाई "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्यावर आपली चांगलीच छाप पडली, असं भालचंद्ररावांना वाटलं.

सकाळी कुबल आला तो चपला बघत. "सर, रागावू नकात. पत्रिका जमणा नाय म्हणतत."

"पत्रिका?" भालचंद्ररावांचा आवाज चढला. "अहो, त्याच्या मानेवर ठोकलेली ती तारीख दाबाच्या चाचणीची! त्यावरून पत्रिका मांडता? आणि त्या सोवनींची जुळते? तो माणूस मापाच्या काट्याला घड्याळ म्हणतो!"

"पत्रिका ही बोलूची रीत झाली, सर. तुमी काल काय बोललास ता आठवा. 'आयुष्यात हात लावणार नाय' म्हणालास. असल्या घराक आपला पोरगा कोण देतलो?"

"ते मी त्याच्या भल्यासाठी बोललो!"

"पण तो जन्मलो कशासाठी, सर?"

भालचंद्रराव उठून खोलीत येरझारा घालू लागले. हा अन्याय होता. उलट, असं उत्तर देणाऱ्या उमेदवाराशी त्यांनी स्वतः उठून हात मिळवला असता. शशिकलाबाई उद्याची पिशवी भरत होत्या.

"अहो, राहू दे," त्या म्हणाल्या. "मी सोवनींबरोबर जाऊन येईन. तुम्ही वाळूत बसा, पुस्तक आणलंय ना?"

हे त्यांनी इतक्या समजूतदारपणे म्हटलं की भालचंद्ररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी टोपीही न घेता दुकान गाठलं. मागच्या पडवीत आत्याबाई आपल्या माणसांत बसल्या होत्या.

"मला जाब हवा," ते म्हणाले. "गरज पडणार नाही म्हटलं, हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही. खरंच नसेल पडणार, तर आमचा मुलगा तुमच्याकडे येऊन करणार काय?"

"कोण म्हणतं पडणार नाही?" भालचंद्रराव ओरडले. "तोंडावर पाणी आलं की माझी छाती धडधडते! तलावात मी कठडा धरून होतो, मास्तरांनी बोटं सोडवली! त्या मोठ्या सिलिंडरवर माझा भरवसा नाही आणि माझ्यावर तर मुळीच नाही. मला गरज नाही तर काय त्या सोवनीला आहे?"

धाकट्याचा काटा किंचित वर आला.

"मग काल छाती काढून काय बसला होतात?" आत्याबाई म्हणाल्या.

"मुलाखत होती!"

"मुलाखत नव्हती हो. बघायला आलो होतो तुम्हाला."

चारचौघांत हे आपल्याकडून वदवून घेतलं, हा शुद्ध अपमान आहे, असं भालचंद्ररावांचं मत होतं आणि ते त्यांनी पुढेही बदललं नाही. आत्याबाईंनी एकच अट घातली. दर बुडीला, हवा भरपूर असली तरी, मुलाला एकदा तरी विचारायचं, म्हणजे त्याचा एक श्वास घ्यायचा.

"विचारीन," ते गुरगुरले. कुबलने लगेच साखर वाटली.

होडी सकाळी निघाली. सोवनी काठावरून हात हलवत होते. खाली गेल्यावर भालचंद्ररावांची छाती ठरल्याप्रमाणे धडधडली. मग हळूहळू शांत झाली. कमान आली. आतले पंखे जांभळे होते. त्यांनी हाताने शशिकलाबाईंना नाही, नाही, अशी खूण केली. ते निळेच आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्याचं कारणही त्यांच्याकडे होतं.

तेवढ्यात कुशीतून धाकट्याने हलकेच ढुशी दिली. पाठीवर अजून भरपूर हवा होती. भालचंद्ररावांनी कपाळाला आठी घातली, मोठ्या सिलिंडरची नळी तोंडातून काढली आणि धाकट्याची लावली. त्यांनी एक श्वास घेतला. मग, कोणी मागितला नसताना, दुसराही घेतला.

शशिकलाबाईंनी तोवर दुसरीकडे पाहिलं. नव्या जोडप्यासोबत असताना तसंच करायचं असतं. मग चौघं, शशिकलाबाईंचं स्वतःचं राखीव धरून, कमानीतून पलीकडे गेली.